महत्त्वाकांक्षी कोणास म्हणावे?

शास्त्रपाठ : मार्क १०:३५–४५



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. खडवली येथे भातसा नदीपासून फार दूर नसलेल्या एका घरी आपली लहानशी उपासना आटोपली आणि मंडळीचे पंच दोन अर्जांचा विचार करावयास बसले. पहिला अर्ज एका तरुणाचा होता. त्यास दुकान घालावयाचे असून मंडळीच्या निधीतून काही रक्कम उसनी हवी होती. एक वडील म्हणाले, "पोरगा महत्त्वाकांक्षी आहे. नाव काढील." सर्वांनी माना डोलावल्या व अर्ज मंजूर झाला. दुसरा अर्ज एका मुलीचा होता. बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ह्या मुलीस परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे होते आणि पहिल्या वर्षाच्या शुल्कास थोडी रक्कम कमी पडत होती. तेच वडील म्हणाले, "मुलगी हुशार आहे खरी; पण फार महत्त्वाकांक्षी आहे हो." पुन्हा माना हालल्या, परंतु ह्या खेपेस नकाराच्या. अर्जाची घडी झाली आणि ती वहीत गेली. सभेच्या अध्यक्षस्थानी मी होतो. मी काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी ती मुलगी उपासनेस आली नाही. तिची आई मात्र आली, आणि परत निघताना स्थानकापर्यंत मला पोचवावयास निघाली. वाटेत ती म्हणाली, "पाळकसाहेब, महत्त्वाकांक्षी म्हणजे वाईट काय हो? पोरीने विचारून यायला सांगितले आहे. ती म्हणते, मला जो शब्द लावला तो स्तुतीचा की दोषाचा, एवढेच विचार." इतक्यात कल्याणकडे जाणारी गाडी आली आणि मी "पुढच्या वेळी सांगतो" असे म्हणून डब्यात चढलो. खरे पाहता उत्तर देण्यास दोन मिनिटे पुरली असती. ते देण्याचे धैर्य मजपाशी नव्हते. त्या माउलीच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर म्हणून आजचे हे प्रवचन आहे.

प्रथम शब्दच हाती घेऊ. आमच्या उपदेशक बंधूंनी हा भाग आपल्या मंडळीस फळ्यावर लिहून दाखवावा. महत् म्हणजे मोठे. त्यास त्व हा प्रत्यय लागला म्हणजे महत्त्व, अर्थात् मोठेपणा, हा शब्द सिद्ध होतो. म्हणून त्यात दोन त येतात. एक महत् ह्यातील व दुसरा प्रत्ययाचा. एकच त लिहिण्याची चूक आता पाट्यांवर व पत्रिकांवरही दिसते, तरी ती चूकच होय. आकांक्षा म्हणजे इच्छा, पण साधी इच्छा नव्हे. जे आपल्याजवळ नाही त्याकडे मन लावून बसणे, त्याची वाट पाहणे, हा भाव तीत आहे. महत्त्व व आकांक्षा ह्यांचा संधी होऊन महत्त्वाकांक्षा झाली, आणि ती ज्याच्या ठायी आहे तो महत्त्वाकांक्षी. हे विशेषण पुरुषास, स्त्रीस व वस्तूसही जसेच्या तसे लागते. महत्त्वाकांक्षी मुलगा, महत्त्वाकांक्षी मुलगी, महत्त्वाकांक्षी योजना, असे आपण सर्रास म्हणतो.

आता पाहा, ह्या समासाची फोड "महत्त्वाची आकांक्षा" अशी होते. परंतु महत्त्व ह्या शब्दाचे आपल्या बोलीत दोन अर्थ आहेत. एक, खरोखरीचा मोठेपणा. दुसरा, चारचौघांत मिळणारा मान. जो खरोखर काही मोठे कार्य करू इच्छितो तोही महत्त्वाकांक्षी, आणि जो नुसता मोठा दिसू इच्छितो तोही महत्त्वाकांक्षीच. एकाच शब्दाच्या छपराखाली दोन निरनिराळे बिऱ्हाडकरू राहतात, आणि बाहेरून दार ठोठावणाऱ्यास आत कोण आहे हे कळत नाही.

ह्या शब्दाचे शेजारीही पारखून घ्यावेत. होतकरू हा शब्द जो अजून घडत आहे त्यास लावितात, आणि त्यात नेहमी आशीर्वाद असतो. जिद्दी म्हणजे अडथळ्यापुढे न हटणारा. त्याचे साध्य मोठे असेल किंवा लहान. ध्येयवादी म्हणजे ज्याची दृष्टी स्वतःवर नसून कार्यावर आहे असा. उमेदवार हा फारशीतून आला. उमेद म्हणजे आशा, आणि आशा धरून उभा तो उमेदवार. पदलोलुप म्हणजे केवळ खुर्चीवर जीभ लावून बसलेला, आणि हावरा म्हणजे आपल्या वाट्यापलीकडे हात घालणारा. ह्यांपैकी प्रत्येक शब्द आपला निवाडा स्वतःबरोबर घेऊन येतो. होतकरू म्हटले की स्तुती, हावरा म्हटले की निंदा. महत्त्वाकांक्षी ह्या शब्दात असा निवाडा नाही. तो बोलणाराच आपल्या स्वरातून त्यात ओततो. म्हणूनच हा शब्द सोयीचा आहे, आणि म्हणूनच तो धोक्याचाही आहे. ज्याने तो उच्चारला त्यास पुढे विचारले तर तो म्हणू शकतो, "मी कोठे वाईट बोललो?"

बंधूंनो, हा स्वर आपण कोणासाठी कसा लावितो? ज्याच्या घरी पैसा आहे, ज्याचा बाप पंच आहे, त्याचा मुलगा महत्त्वाकांक्षी असला तर ते भूषण. विधवेचा मुलगा, पाड्यावरील मुलगी, नव्याने मंडळीत आलेले कुटुंब ह्यांनी मान वर केली तर ते दूषण. आपल्या आज्यापणज्यांनी प्रथम पाटी हाती घेतली तेव्हा गाव त्यांच्याविषयी काय म्हणाले, हे आपल्या घरोघरी अजून सांगितले जाते. "हे लोक फार वर पाहू लागले" असेच गाव म्हणाले. तो दगड आपल्या लोकांनी अंगावर झेलला. आज तोच दगड आपण उचलून आपल्याच लेकरांवर टाकावा काय?

आता शास्त्रपाठाकडे वळू. प्रभू यरुशलेमेकडे जात होता. आपल्यास धरून देतील, फटके मारितील व जिवे मारितील, हे त्याने बारा शिष्यांस नुकतेच तिसऱ्या खेपेस सांगितले होते. त्याच वाटेवर जब्दीचे पुत्र याकोब व योहान पुढे आले आणि त्यांनी मागणी केली की, तुझ्या वैभवात आम्हांपैकी एकास तुझ्या उजवीकडे व एकास डावीकडे बसू दे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही मागणी त्यांची आई करिते. दहा शिष्यांनी हे ऐकले तेव्हा त्यांस राग आला. तो राग नम्रतेचा होता असे समजू नका. वाटेत आपल्यामध्ये मोठा कोण, ह्याविषयी ते सगळेच काही दिवसांपूर्वी भांडले होते. जी जागा आपण मागणार होतो ती दुसऱ्याने आधी मागितली, म्हणून आलेला तो राग होता. मंडळीत एखाद्यास महत्त्वाकांक्षी म्हणणाऱ्या आपल्या रागात ह्या दहांचा राग किती असतो, हे ज्याचे त्याने तपासावे.

परंतु प्रभूचे उत्तर नीट वाचा. मोठे होण्याची इच्छाच धरू नका, असे तो म्हणत नाही. ती इच्छा तो तशीच उभी ठेवितो आणि तिला वाट दाखवितो. ज्यास मोठे व्हावयाचे आहे त्याने सेवक व्हावे, आणि ज्यास पहिले व्हावयाचे आहे त्याने सर्वांचे दास व्हावे, असा त्या शिकवणीचा भावार्थ आहे. इच्छेचा नाश करणे हे त्याचे काम नव्हते. इच्छेस वळण लावणे हे त्याचे काम होते.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत ह्या दोन प्रकारच्या इच्छांस दोन निराळे शब्द आहेत. एक एरिथेइया. मजुरीवर काम करणाऱ्याच्या नावापासून तो निघाला असे मानितात. ॲरिस्टॉटल ह्याने पद मिळविण्यासाठी चालणाऱ्या कारस्थानांस तो लाविला आहे. पौल फिलिप्पैकरांस लिहिताना आणि याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ह्याच वृत्तीचा निषेध करितात. जेथे ती आहे तेथे अव्यवस्था व प्रत्येक वाईट काम असते, असा याकोबाचा इशारा आहे. दुसरा शब्द फिलोतिमेओमाइ. मानाची प्रीती धरून झटणे, असा त्याचा अर्थ. पौलाने हा शब्द तीन वेळा वापरिला आहे, आणि तीनही वेळा चांगल्या अर्थी. रोमकरांस तो लिहितो की, जेथे ख्रिस्ताचे नाव पोचले नाही तेथे सुवार्ता सांगण्याची त्यास हौस आहे. करिंथकरांस लिहितो की, प्रभूस आवडते व्हावे ह्यासाठी तो झटतो. आणि थेस्सलनीकाकरांस सांगतो की, शांतपणे राहण्याची, आपला व्यवसाय करण्याची व आपल्या हातांनी काम करण्याची महत्त्वाकांक्षा धरा. शेतावर राबणाऱ्या माझ्या बंधूंनो, हे ध्यानात ठेवा. आपल्या हाताने प्रामाणिक काम करणे हीदेखील शास्त्राप्रमाणे महत्त्वाकांक्षाच आहे. आणि ती परदेशी जाणाऱ्याच्या महत्त्वाकांक्षेहून कमी नाही.

मग चांगली महत्त्वाकांक्षा ओळखावी कशी? आपल्या देशातील न्यायशास्त्राने ह्या कामी मोठी मदत करून ठेविली आहे. शब्दांचे मिळून अर्थपूर्ण वाक्य केव्हा होते, ह्याचा विचार करिताना त्या पंडितांनी तीन गोष्टी सांगितल्या : आकांक्षा, योग्यता व सन्निधी. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हा विषय थोडक्यात आला आहे. ह्या तीन कसोट्या आपण माणसाच्या जीवनास लावून पाहू.

पहिली कसोटी आकांक्षा. न्यायशास्त्रात आकांक्षा म्हणजे लोभ नव्हे. एका शब्दास दुसऱ्या शब्दाची लागलेली गरज होय. कोणी नुसते "गाय, घोडा, माणूस, हत्ती" असे म्हटले तर चारही शब्द मोठे असूनही वाक्य होत नाही, कारण एकास दुसऱ्याची गरज नाही. "गाय" म्हटल्यावर मन विचारिते, "गाईचे काय?" आणि "आण" हा शब्द आला म्हणजे ते शांत होते. ह्याप्रमाणे पाहता आकांक्षा ही अपुरेपणाची जाणीव आहे. दुसऱ्यावाचून माझा अर्थ पुरा होत नाही, अशी ओळख आहे. ज्याची महत्त्वाकांक्षा "मी मोठा" एवढ्यावरच थांबते तो त्या सुट्या हत्तीसारखा आहे. म्हणून कोणी मोठे होऊ इच्छितो असे ऐकले की आपण पहिला प्रश्न विचारावा, "कोणासाठी?" बाबेल येथे लोकांनी आपले नाव व्हावे म्हणून बुरूज बांधावयास घेतला आणि त्यांची भाषाच मोडली. लगेच पुढच्या अध्यायात देव अब्राहामास म्हणतो की, तुझे नाव मी मोठे करीन, आणि त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांस आशीर्वाद मिळेल असे सांगतो. मोठे नाव दोन्हीकडे आहे. एकीकडे ते स्वतःपाशी संपते, दुसरीकडे ते इतरांपर्यंत पोचते.

दुसरी कसोटी योग्यता. कोणी म्हणेल, "तो विस्तवाने झाडांस पाणी घालितो." शब्दांस परस्परांची गरज आहे, व्याकरण शुद्ध आहे, तरी अर्थ लागत नाही; कारण शिंपण्याची योग्यता विस्तवाच्या ठायी नाही. तसेच कित्येकांस साध्य हवे असते, परंतु त्या साध्यास लागणारी तयारी नको असते. म्हणून प्रभूने त्या दोघा भावांस विचारिले की, मी पिणार तो प्याला तुमच्याने पिववेल काय? ते म्हणाले, होय. त्या वेळी त्यांस त्या शब्दाचा अर्थ कळला नसेल. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात आपण वाचितो की, हेरोदाने ह्याच याकोबास तरवारीने मारिले. बारा जणांपैकी तो पहिला रक्तसाक्षी. ज्याने खुर्ची मागितली त्यानेच अखेर प्याला घेतला. महत्त्वाकांक्षी माणूस बदलू शकतो, ह्याहून मोठी साक्ष कोणती हवी?

ह्या कसोटीला दुसरीही बाजू आहे. शास्ते ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथामाची गोष्ट आहे. झाडांनी आपल्यासाठी राजा निवडावयाचे ठरविले. ती जैतुनाकडे गेली, अंजिराकडे गेली, द्राक्षवेलीकडे गेली. प्रत्येकाने आपले तेल, आपली गोडी, आपला रस सोडून ह्या उठाठेवीत कोण पडतो, असे म्हणून नकार दिला. शेवटी ती काटेरी झुडपाकडे गेली, आणि झुडूप तत्काळ तयार झाले. वर आगीची धमकीही देऊ लागले. आपण ही गोष्ट काटेरी अबीमलेखावर सांगतो ते योग्यच आहे. पण जैतुनास कोण विचारणार? गावच्या पंचायतीत, शाळेच्या समितीत, आपल्या मंडळीत "मला कोणी महत्त्वाकांक्षी म्हणेल" ह्या भीतीने किती भली माणसे घरी बसतात, आणि मग खुर्चीवर काटे उगवले म्हणून कुरकुर करितात! तालंतांच्या दृष्टांतातील ज्या दासाने आपला तालंत जमिनीत पुरला तो मुळीच महत्त्वाकांक्षी नव्हता. तरी त्याच्या धन्याने त्यास नम्र म्हटले नाही; आळशी म्हटले.

तिसरी कसोटी सन्निधी, म्हणजे जवळीक. एक शब्द सकाळी उच्चारिला व दुसरा संध्याकाळी, तर वाक्य होत नाही. जीवनातही असेच आहे. ज्यांच्यासाठी मी मोठा होतो असे मी म्हणतो, त्यांच्या जवळ मी राहतो की दूर जातो? याकोब व योहान ह्यांनी सिंहासनाची जवळीक मागितली. उजवी व डावी बाजू कोणासाठी सिद्ध केली आहे हे देणे आपले नाही, असे प्रभूने त्यांस सांगितले. पुढे पाच अध्यायांनंतर मार्क लिहितो की, येशूबरोबर दोन लुटारूंस वधस्तंभावर खिळिले, एकास त्याच्या उजवीकडे व एकास डावीकडे. ज्या जागा शिष्यांनी मागितल्या त्या त्या दिवशी तिरस्कृतांनी भरून गेल्या. प्रभूची जवळीक कोठे सापडते हे ह्याहून स्पष्ट सांगता यावयाचे नाही.

ह्या तिन्ही कसोट्यांस उतरलेले एक उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. १८५५ साली कल्याणपासून वासिंदपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. खडवली त्याच मार्गावर आहे, आणि येथून कल्याण चौथे स्थानक. त्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची एक मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यातील गोपाळराव जोशी ह्यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, तो दहाच दिवस जगला. त्या काळी पुरुष डॉक्टरापुढे जाण्यास स्त्रिया लाजत आणि स्त्री डॉक्टर तर मिळतच नसे. तिच्या आकांक्षेचा जन्म त्या रिकाम्या पाळण्यापाशी झाला. "कोणासाठी?" ह्या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ आधीपासून होते.

शिक्षणास अमेरिकेत जाण्यासाठी गोपाळरावांनी मिशनरी लोकांशी पत्रव्यवहार केला, तो अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आला. ख्रिस्ती व्हाल तर वाट सोपी होईल, असा त्यास मिळालेल्या उत्तराचा रोख होता. हे वाचताना आपली मान खाली जाते. कारण लेकरास भाकर देताना पाठोपाठ अट घालणे प्रभूने कधी शिकविले नाही. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नामक एका गृहिणीच्या हाती १८८० साली तो अंक पडला. तिने काही अट न घालता पत्र लिहिले, आणि पुढे आपल्या घराचे दार उघडिले. ख्रिस्ती प्रीतीची साक्ष त्या प्रकरणात कोणी दिली असेल तर ती ह्या बाईने दिली.

कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी जाहीर सभेत उभे राहून आपण अमेरिकेस का जातो हे इंग्रजीत सांगितले, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन असेही सांगितले. त्यांनी आपला शब्द पाळिला. आपण त्यांस आपल्यात ओढू नये, आणि त्या आपल्यातील नव्हत्या म्हणून त्यांचा मानही कमी करू नये. आप्तांचा रोष, लोकांची निंदा, थंडी व प्रकृतीची हेळसांड हे सर्व सोसून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टरची पदवी घेतली. योग्यता म्हणतात ती ही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. अमेरिकेत न राहता त्या आपल्याच बायाबापड्यांजवळ परतल्या. ही सन्निधी. परंतु त्या परतल्या त्या क्षय घेऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाने आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली.

एका रोग्याचीही सेवा कोल्हापुरास करिता आली नाही. मग ती महत्त्वाकांक्षा व्यर्थ गेली काय? त्या पदवीदानास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. तीन वर्षांनी, मार्च १८८९ मध्ये, त्यांनी मुंबईस शारदा सदन काढिले. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि १८९५ पासून सुरतेस स्त्रियांची सेवा करू लागल्या. एकीने वाट पाडिली. तीवरून दुसऱ्या चालल्या. आणि ह्या रमाबाईंची सन्निधी तर पाहा. १८७८ साली कलकत्त्यास विद्वानांनी ज्यांस पंडिता व सरस्वती म्हणून गौरविले, त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात ग्रीक व इब्री भाषांशी झुंजून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. तेही पंडितांच्या भाषेत नव्हे, खेड्यातील अल्पशिक्षित बाईस समजावे अशा सोप्या मराठीत. केडगावच्या मुक्ती सदनातील मुलींनी त्याचे खिळे जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूत निजल्या, आणि ते संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. विद्या जितकी उंच, तितकी ती खाली वाकून जवळ आली.

आता त्या माउलीस उत्तर देतो. बाई, महत्त्वाकांक्षी हा शब्द स्तुतीचाही नाही व दोषाचाही नाही. ते अर्धे वाक्य आहे. तुमची मुलगी ते कशाने पुरे करिते ह्यावर त्याचा अर्थ ठरेल. आणि ती ते कशाने पुरे करणार हे आम्ही तिला विचारिलेच नव्हते. मागाहून मी विचारिले तेव्हा कळले की, दोन वर्षांपूर्वी पावसात वाट वाहून गेल्यामुळे जवळच्या पाड्यावरील एका बाळंतिणीस झोळीत घालून आणावे लागले. तेव्हा कंदील धरून ही मुलगी बरोबर चालली होती. त्या रात्रीपासून तिने परिचारिका होण्याचे मनात घेतले. आमच्या पंचांपैकी कोणासही, मजसुद्धा, हे ठाऊक नव्हते. आम्हांस फक्त एक शब्द ठाऊक होता, आणि त्या एका शब्दावर आम्ही तिचा कागद मिटला.

भाताची शेती करणाऱ्या आपल्या लोकांस अधिक काय सांगावे? राबात रोपे दाट, हिरवीगार व एकमेकांस बिलगून उभी असतात. त्यांस तेथेच राहू दिले तर ती दिसावयास चांगली दिसतील, पण दाणा धरणार नाहीत. त्यांस उपटून चिखलाच्या खाचरात आवणी करावी लागते. उपटताना मुळे तुटतात, रोप दोन दिवस माना टाकिते, आणि मगच ते धरते. जी लेकरे शिकावयास बाहेर जाऊ इच्छितात त्यांस राबातच ठेवणे म्हणजे प्रीती नव्हे.

म्हणून माझी आपणांस चार प्रकारची विनंती आहे. पंचांनो, कोणास महत्त्वाकांक्षी म्हणण्यापूर्वी "तुला काय करावयाचे आहे व कोणासाठी?" हे त्याच्या तोंडून ऐका, आणि जो माप मुलास लाविता तोच मुलीस लावा. उपदेशकांनो, आपल्या मनातील पदाची ओढ प्रभूपुढे उघडी करा. मोठी मंडळी, मोठे गाव, मोठा मान ह्यांची इच्छा झाली तर ती लपवू नका. त्या दोघा भावांनी ती प्रभूसच बोलून दाखविली, म्हणून ती सुधारली. तरुणांनो, मोठे व्हा. पण ज्या वाटेने गेलात ती वाट परतीलाही खुली ठेवा. आणि ज्यांस कोठेही जावयाचे नाही, आपल्या शेतात व आपल्या घरी प्रामाणिकपणे राहावयाचे आहे, त्यांनी स्वतःस कमी लेखू नये. तुमची महत्त्वाकांक्षा पौलाने स्वतः लिहून ठेविली आहे.

माझ्याविषयी म्हणाल तर, पंचांच्या येत्या सभेत तो मिटलेला अर्ज मी स्वतः वहीतून काढून पुढे ठेवणार आहे, आणि त्या दिवशी मी गप्प राहिलो ह्याची सर्वांसमक्ष क्षमा मागणार आहे. सभा काय ठरवील ते सभेच्या हाती. परंतु मंडळीने नकार दिल्यास तो त्या मुलीचे म्हणणे ऐकून घेऊन द्यावा. एका शब्दाच्या आड लपून देऊ नये. तोवर आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू, तू थोर असून सेवक झालास. आमच्यातील मोठेपणाची हाव तू काढून टाक, आणि मोठे काम करण्याची इच्छा आम्हांस दे. ज्यांची उमेद आम्ही बोलण्याने खचविली त्यांस तू उठव, आणि आमच्या जिभेस न्याय शिकव. आमचे अपुरे वाक्य तुझ्या सेवेत पुरे होवो. आमेन.